यादीवर नवरीची सही



तुळशीचं लग्न लागलं की मंगल कार्यालयांच्या तारखा भरायला लागतात आणि आपल्या गटांच्या बैठकीत कर्जाची मागणी वाढते. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, "पोरीचं काढलंय." म्हणून आज बचत आणि व्याज बाजूला ठेवू. लग्नाआधी काही लिहून घ्यावं का, आणि घ्यायचं तर काय, यावर बोलू.

हा प्रश्न आमच्याकडे आला तो एका गटातल्या मावशींमुळं. त्यांची मुलगी नर्सिंग झालेली, तालुक्याच्या गावात एका खासगी दवाखान्यात नोकरीला. तीन वर्षं पगारातून मागं टाकलेले सव्वादोन लाख रुपये तिच्या खात्यावर. शिवाय आजीनं दिलेली दोन तोळ्यांची बोरमाळ. स्थळ चांगलं आलं. मुलगा कंपनीत कायम, घरी चार एकर. सगळं जमत आलं आणि मुलगी म्हणाली, मला लग्नाआधी करार करायचाय. पुण्यातल्या तिच्या मैत्रिणीनं सांगितलं होतं की शहरात आता असा करार करतात, त्याला प्रीनप म्हणतात. कोणाचं काय, आणि उद्या पटलं नाही तर कोणी काय घेऊन बाहेर पडायचं, हे सगळं आधीच लिहून ठेवायचं.

मावशी हबकल्या. म्हणाल्या, "ताई, तुमीच सांगा तिला. अजून अक्षता पडल्या न्हाईत आन ही मोडायचा कागद करायला निघाली. सोयरीक ऱ्हाईल का?"

आम्हाला दोघींचंही म्हणणं पटलं. मुलीनं घाम गाळून पैसे साठवलेत, तिला ते कुठं जातात हे कळायला हवं. आणि मावशींनी आयुष्यभर पाहिलंय की बोलणी एका शब्दावरून फिसकटतात आणि मग नाव मुलीचंच खराब होतं. त्या आठवड्यात आम्ही तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जाऊन वकीलताईंना भेटलो. त्यांनी जे सांगितलं आणि त्यावर आम्ही गटात जे बोललो, ते आज तुमच्यापुढं मांडतो.

पहिली गोष्ट, आपल्याकडं लग्नाआधी लिहायची पद्धत नाही हे खरं नाही. आपण याद्या करतोच की. सुपारी फुटली की दोन्हीकडची जाणती माणसं बसतात, कागदाला हळदीकुंकू लागतं, आणि लिहायला सुरुवात होते. मांडव कोणाचा, जेवण कोणाकडं, बस्ता कुठं बांधायचा, मानपानाचे पोशाख किती, नवरीला कोणी किती तोळं घालायचं, संसाराची भांडी कोण देणार. खाली दोन्ही बाजूंच्या सह्या. काही ठिकाणी तर त्याच दिवशी हळद लावून मोकळे होतात, यादी पे शादी. मग हा करार नाही तर काय आहे? फक्त त्यावर नवरीची सही नसते. बहुतेक वेळा ती त्या खोलीतही नसते. आत चहा करत असते.

आता बघा, गटातून दहा हजारांचं कर्ज द्यायचं तर आपण अर्ज घेतो, ठराव लिहितो, जामीनदार घेतो, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या घेतो. आणि मुलीच्या अंगावर पाच-सहा तोळं घालून तिला परक्या घरी पाठवतो, तेव्हा एका चिठोऱ्यावरही काही नसतं.

वकीलताईंना आम्ही सरळ विचारलं, शहरातल्यासारखा करार या मुलीनं करावा का? त्या म्हणाल्या, हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्यात अशा कराराला जागाच नाही. आपल्या कायद्यानं लग्न हा संस्कार मानलाय. मोडलं तर अमुक मिळेल आणि तमुक मिळणार नाही असं आधीच लिहून ठेवलं, तर न्यायालय ते सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध धरू शकतं, आणि १८७२ च्या करार कायद्याप्रमाणं असा करार टिकत नाही. म्हणजे वकिलाची फी जाईल, स्टॅम्पचे पैसे जातील, पाहुण्यांशी वाकडं येईल, आणि वेळ आली तर तो कागद कामाला येईल याची खात्री नाही. आपल्या बायकांना वाटतं, स्टॅम्पवर लिहिलं म्हणजे कायदा झाला. तसं नसतं. तिकीट सरकारचं असतं, मजकूर आपला.

सगळ्याच बहिणींना हे लागू नाही. आपल्या गटांत मुस्लिम भगिनी आहेत. त्यांच्यात निकाह हाच मुळी करार आहे. निकाहनाम्यात मेहर लिहिली जाते, किती लगेच द्यायची आणि किती नंतर, हेही लिहिता येतं. वाजवी अटी घालता येतात. ठरावीक परिस्थितीत बायकोला स्वतः तलाक घेता येईल, अशी अटसुद्धा घालता येते. पण होतं काय, काजीसाहेब छापील नाम्यावर पटापट भरतात, मेहरचा आकडा वडीलधारे ठरवतात आणि मुलगी सांगितलं तिथं सही करते. त्या बहिणींना आमचं सांगणं एवढंच, निकाहनाम्याची झेरॉक्स चार दिवस आधी मागवा आणि मुलीला वाचू द्या.

आणि ज्यांच्या मुली गोव्यात दिल्यात किंवा द्यायच्यात, सावंतवाडी-दोडामार्गकडं अशा सोयरिकी पुष्कळ, त्यांनी हे नीट ऐका. गोव्यात पोर्तुगीजांच्या वेळचा, १८६७ चा नागरी कायदा अजून चालतो, आणि तो सगळ्या धर्मांना लागू आहे. तिथं लग्नाआधी नोंदणीकृत करार करता येतो आणि तो चालतोही. करार केला नाही, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, दोघांचा निम्मा-निम्मा हक्क. नवऱ्याला बायकोच्या संमतीशिवाय घर-जमीन विकता येत नाही. म्हणून गोव्याकडच्या स्थळानं "हा लग्नाआधीचा कागद आहे, सही करा" म्हटलं, तर मुलीनं आधी विचारावं की यानं माझा निम्मा हक्क जातो का. कारण लग्न लागल्यावर तो करार बदलता येत नाही.

आपल्याकडं मात्र निम्म्याचं काही नाही. हे आम्ही जिथं जिथं सांगतो तिथं बायका गप्प होतात. लग्न झालं म्हणून नवऱ्याच्या घरात, शेतात, ट्रॅक्टरमध्ये आपली आपोआप मालकी होत नाही. घरात राहायचा हक्क आहे. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा सांगतो की घर कोणाच्याही नावावर असो, बाईला असं उचलून बाहेर काढता येत नाही. नवरा गेला तर वारस म्हणून नाव लागतं. पण तो हयात असताना मालक तोच. त्याला वाटलं तर लक्ष्मी मुक्ती योजनेत तहसील कार्यालयात अर्ज करून तो बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावू शकतो. वाटलं तर.

मग आपलं स्वतःचं काय? आपलं आहे ते स्त्रीधन. लग्नात, लग्नाआधी, लग्नानंतर आपल्याला आई-वडिलांनी, भावांनी, मामांनी, सासरच्यांनी, मैत्रिणींनी प्रेमानं दिलेलं सगळं. दागिने, भांडी, पैसे, शिलाई मशीन. आणि आपण स्वतः कमावलेलं तर आपलंच. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये स्पष्ट सांगितलं की स्त्रीधनाची मालक एकटी बाई. सासूबाईंच्या कपाटात ठेवायला दिलं म्हणून मालकी जात नाही, ती ठेव असते. २०२४ मध्ये केरळमधल्या एका बाईच्या खटल्यात पुन्हा हेच सांगितलं. तिचं म्हणणं होतं की लग्नाच्या पहिल्याच रात्री नवऱ्यानं दागिने सांभाळायला म्हणून घेतले आणि आईकडं दिले, ८९ पवन सोनं. न्यायालयानं नवऱ्याला २५ लाख रुपये द्यायला लावले. ऐकायला बरं वाटतं. पण त्या बाईचं लग्न झालं होतं २००३ मध्ये. मधली एकवीस वर्षं कुठं गेली? बरीचशी एकाच वादात, सोनं किती होतं आणि ते कोणाच्या ताब्यात गेलं.

म्हणजे हक्क आपला आहेच, नसतो तो पुरावा. आणि त्यासाठी नवीन काही शोधून काढायची गरज नाही. सरकारनं १९८५ मध्येच नियम केलेत. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा, त्याखालचे हे भेटवस्तूंच्या यादीचे नियम. त्यात म्हटलंय, लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर नवरीला मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची आणि ती नवरीनं स्वतःजवळ ठेवायची. नवऱ्या मुलाला मिळालेल्यांची वेगळी, ती त्यानं ठेवायची. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, कोणी दिली, त्याचं नातं काय. आणि खाली नवरा-नवरी दोघांची सही. सही येत नसेल तर यादी वाचून दाखवून अंगठा. नातेवाइकांच्या सह्या घेतल्या तरी चालतात. चाळीस वर्षं झाली या नियमाला. आम्ही आमच्या अठरा गटांत विचारलं, अशी यादी केलेली एकही बाई निघाली नाही.

इथं एक सांगून ठेवतो, कारण लगेच कोणीतरी म्हणतं, मग हुंडापण यादीतच लिहून टाकू, पक्कं होईल. नाही. हुंडा देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, कमीत कमी पाच वर्षांची शिक्षा. हुंड्याचा करार कायद्यानं रद्दच असतो, मग याद्यांत त्याला वरदक्षिणा म्हणा नाहीतर गाडीची हौस म्हणा. "पोरगी गटात हाय, गटाचं कर्ज काढून ट्रॅक्टरचा पहिला हप्ता भरंल का?" असं एका बैठकीत आमच्यासमोर विचारलं गेलंय. कर्ज तिच्या नावावर, ट्रॅक्टर त्याच्या नावावर. हाही हुंडाच.

आता मावशींच्या मुलीचं. आम्ही तिला म्हटलं, करार सोड, यादी धर. याद्यांच्या दिवशी तू बाहेर बैठकीत बस आणि तूच बोल. दुसऱ्यानं बोललं की संशय वाटतो, मुलीनं हसत बोललं तर गोष्ट छोटी राहते. तिनं तसं केलं. म्हणाली, "मला मिळणाऱ्या वस्तूंची यादी मी करणार आहे, यांनी त्यांची करावी, आणि दोन्हींवर आम्ही दोघं सह्या करू. सरकारी नियम आहे." नवऱ्या मुलाचे चुलते फटकन बोलले, "म्हंजी इस्वास न्हाई आमच्यावर?" मावशींचा चेहरा पडला. तेवढ्यात मुलाची आई म्हणाली, "करू द्या की. माझ्या पाटल्या बोअर मारायला गेल्या. कोण म्हणतं चार तोळ्यांच्या व्हत्या, कोण म्हणतं तीनच्या. बोअरला पाणी लागलं, पाटल्या काय आल्या न्हाईत." कोणी काही बोललं नाही. यादी झाली. चुलते लग्नात शेवटपर्यंत घुश्शातच होते, तेही सांगायला पाहिजे.

त्याच बैठकीत मुलीनं आणखी दोन गोष्टी विचारल्या, आणि आमच्या मते त्या यादीहून महत्त्वाच्या. माझी नोकरी चालू राहणार का, आणि पगार कोणत्या खात्यावर येणार? मुलगा म्हणाला, तुझ्याच. हे कुठं लिहिलं नाही. लिहूनही उपयोग नव्हता, नोकरी करू देईन असा कागद घेऊन कोण कोर्टात जाणार? पण पंधरा माणसांसमोर तो बोलला, त्याला वजन असतं. सत्यशोधक लग्नांत वधू-वर सगळ्यांसमोर एकमेकांना वचन देतात. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला १८७३ मध्ये. तेव्हा लग्नात मुलीनं तोंड उघडणं हे शहराचं नवीन फॅड आहे, असं कोणी म्हणालं तर त्यांना हे साल सांगा.

दुसरी हकीकत कडू आहे. एका ताईंचा नवरा गेलेला, पदरात सहा वर्षांचा मुलगा, नावावर दीड एकर आणि सहा शेळ्या. दुसऱ्या लग्नाचं जमलं. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मुलाकडच्यांनी टाईप केलेला कागद पाठवला, फक्त सही बाकी. त्यात तीन वाक्यं होती. मी कधी पोटगी मागणार नाही. माझ्या मुलाची जबाबदारी नवऱ्यावर राहणार नाही. माझी जमीन लग्नानंतर दोघांच्या नावावर होईल. असा कागद लग्नाआधी येतो तेव्हा बाईला विचार करायला वेळ मिळत नाही, आणि तो त्यासाठीच उशिरा येतो.

वकीलताई म्हणाल्या, पोटगीचा हक्क असा सही करून सोडता येत नाही. आधी लिहून दिलं तरी गरज पडल्यावर बाई न्यायालयात पोटगी मागू शकते. तेव्हा पहिलं वाक्य कुचकामी. पण तिसरं वाक्य नुसतं कागदावर राहत नाही. त्याच्या मागोमाग खरेदीखत किंवा बक्षीसपत्र येतं आणि एकदा ते नोंदलं की जमीन गेली. ताईंनी दोन दिवस विचार केला. मग निरोप दिला की जमीन मुलाच्या नावानं राहील, बाकी बोलू. सोयरीक मोडली. गावात बोलणं झालं ते झालं. ताईंच्या शेळ्या आता अकरा आहेत, आणि लग्नाचं पुन्हा बघतायत का, हे आम्ही विचारलेलं नाही.

म्हणून आमचं मत असं झालंय. पहिलं लग्न असेल, फार मालमत्ता नसेल, तर करारात पैसे आणि सोयरीक घालवू नका. यादी करा. पण दुसरं लग्न असेल, आधीची मुलं असतील, बाईच्या नावावर जमीन किंवा घर असेल, तर लग्नाआधी कागद जरूर करा. मात्र तो नवऱ्याबरोबरचा करार नसतो, ते आपलं मृत्युपत्र असतं. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. आपल्या मागं आपली जमीन कोणाला, हे त्यात लिहायचं. आणि समोरून आलेल्या कागदावर त्याच दिवशी सही करायची नाही. घरी ठेवून घ्या, वाचून घ्या, बायकांना मोफत वकील मिळतो, मग कमाई कितीही असो. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. फोन करायचा तर १५१०० हा क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत.

आता यादीचं नीट ऐका, वही-पेन असेल तर घ्या.

सोनं घेताना कच्ची चिठ्ठी घेऊ नका. पक्की पावती, आणि ती बापाच्या किंवा भावाच्या नावावर नको, मुलीच्या नावावर. पावतीवर वजन आणि कॅरेट असावं. नवीन दागिन्यावर हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो, तो यादीत उतरवून घ्या. आजीचा जुना दागिना असेल, बोरमाळ, ठुशी, पुतळ्यांची माळ, तर सोनाराकडून वजन करून लिहून घ्या आणि मोबाईलवर फोटो काढा. रुखवतातली भांडी "भांडी एक सेट" असं लिहू नका. पितळी हंडा एक, स्टीलची पातेली पाच, असं मोजून लिहा. गॅस, कपाट, मशीन, सगळं. आहेराची पाकिटं मुलीच्या हातात आली असतील तर रक्कम आणि नाव. वर मथळा द्या, "विवाहाच्या वेळी वधूस मिळालेल्या भेटवस्तूंची यादी", लग्नाची तारीख, ठिकाण. खाली वधूची सही, वराची सही, दोन्हीकडच्या दोन-दोन जाणत्यांच्या सह्या. तीन प्रती करा. एक मुलीजवळ, एक माहेरी, एक गटाच्या कपाटात ठेवली तरी आमची हरकत नाही. ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद करायला जाल तेव्हा त्या दाखल्याला एक झेरॉक्स जोडून घरी ठेवा.

आणि पुढं कधी शेतीसाठी सोनं तारण ठेवायची वेळ आलीच, येते, आपल्याला माहीत आहे, तर बँकेत किंवा पतसंस्थेत आपण स्वतः जायचं आणि तारणाची पावती आपल्या नावाची घ्यायची. सोडवायच्या दिवशी सोनं आपल्याच हातात यायला हवं.

ज्यांच्या घरी या मोसमात लग्न आहे त्यांनी आपल्या गटाच्या येत्या बैठकीत सचिवांकडून कोऱ्या यादीचा नमुना घ्यावा. आम्ही प्रत्येक गटाला दहा-दहा प्रती पाठवल्यात. कमी पडल्या तर झेरॉक्सचे पैसे गटाच्या किरकोळ खर्चात लिहा.